गावच्या शाळेत संगणक बसवताना: टेम्पो भरण्याआधीपासून पहिल्या सहामाहीपर्यंत

दर जूनमध्ये कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "आमच्या ऑफिसमधून वीस जुने संगणक निघालेत, गावच्या शाळेला द्यायचेत, टेम्पो कधी पाठवू?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आत्ता पाठवू नका.

गेल्या काही वर्षांत मी ज्या शाळांमध्ये बंद पडलेले संगणक पाहिले, त्यांतल्या फारच थोड्या ठिकाणी यंत्र खराब होतं. कुठे वीजबिल थकून मीटर काढून नेलेला, कुठे पासवर्ड माहीत असलेल्या गुरुजींची बदली झालेली, कुठे इंटरनेटशिवाय उघडतच नाही असा अभ्यास भरलेला. चूक दर वेळी क्रमात होते. यंत्र आधी येतं आणि बाकीचं "नंतर बघू" म्हणून राहून जातं. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा.

नमुन्यासाठी धरलेली शाळा: पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट चाळीस-पन्नास, इंटरनेट नाही किंवा असून नसल्यासारखं. उद्दिष्ट: सहा लॅपटॉप आणि अभ्यास साठवलेला एक छोटा सर्व्हर, म्हणजे बाकीच्यांना मजकूर पुरवणारा संगणक. पट जास्त असेल तर यंत्रं वाढवा, टप्पे हेच राहतील.

## टप्पा १: रिकाम्या हाताने शाळेत जा

पहिल्या भेटीत काहीही देऊ नका आणि कबूलही करू नका. शाळा भरलेली असताना जा, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत थांबा आणि वहीत या गोष्टी उतरवा:

- वीज किती वाजता जाते, किती वेळ जाते. एका दिवसावरून ठरवू नका, पंधरा दिवसांची नोंद शिक्षकांना ठेवायला सांगा.
- वीजबिल कुणाच्या नावावर आहे, थकलंय का आणि बिलावर दराचा कोणता वर्ग छापलाय. सरकारी शाळांसाठी वेगळा वर्ग असतो. चुकीचा लागला असेल तर मुख्याध्यापकांच्या अर्जाने तो बदलून घेणं हे पहिलं काम.
- कोणत्या खोलीचं छत गळत नाही. भिंतीवरची ओल हाताने पाहा, कौलांखालचा डाग पाहा.
- दारं-खिडक्यांना गज आहेत का, किल्ली कुणाकडे असते.
- मोबाइलची रेंज वर्गात येते की शाळेमागच्या टेकाडावर जावं लागतं.

मग शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: मुलं नेमकी कुठे अडतात? "गणित कच्चं आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. हातच्याची वजाबाकी? शून्य असलेला भागाकार? जोडाक्षरांचं वाचन? मुलं घरी कोरकू, वारली किंवा पावरी बोलतात आणि पुस्तकाची मराठीच त्यांना नवी आहे, असं तर नाही ना? या उत्तरांवर पुढचा सगळा मजकूर ठरणार आहे.

तपासा: मुलं अडतात अशा तीन नेमक्या जागा वहीत लिहिलेल्या नसतील, तर पुढे जाऊ नका. पुन्हा एकदा शाळेत जा.

## टप्पा २: माणसं ठरवा, ठराव करून घ्या

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीच्या बैठकीत हा विषय मांडा आणि ठरावात तीन गोष्टी नावानिशी येऊ द्या: खोलीची किल्ली कुणाकडे, दुरुस्तीचा खर्च कशातून, शाळा सुटल्यावर वापर करायचा का आणि तेव्हा कोण थांबणार.

जबाबदार माणूस एकच ठेवू नका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, ही ठाऊक असलेली गोष्ट आहे. तरी सगळी माहिती एकाच गुरुजींच्या डोक्यात ठेवण्याची चूक वर्षानुवर्षं होत आली आहे. दोन शिक्षक, गावातच राहणारा एखादा तरुण किंवा तरुणी आणि चौथी-पाचवीतली चार मुलं (त्यांत दोन मुली हव्यातच) अशी सात जणांची तुकडी करा. सुरू करणं, बंद करणं, चार्जिंगला लावणं, नोंद ठेवणं हे या सातही जणांना यायला हवं.

सावधान: दिलेली वस्तू शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, नोंदवली गेलीच पाहिजे. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर तक्रार देणं अवघड होतं. उलट नोंद आहे आणि यंत्र मोडलं, तर "आमच्यावर येईल" या भीतीने शिक्षक यंत्र कपाटातून काढतच नाहीत. म्हणून त्याच ठरावात लिहून घ्या: वापरताना झालेल्या मोडतोडीची भरपाई शिक्षकाकडून घेतली जाणार नाही. हे एक वाक्य मला सगळ्या तांत्रिक तयारीपेक्षा मोलाचं वाटतं. कुलूपबंद कपाटातले लॅपटॉप मी फार पाहिले आहेत.

## टप्पा ३: वीज

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

अर्थिंग. शाळेच्या बोर्डात तिसरं भोक असतं, त्यामागे तार असतेच असं नाही. वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून मल्टिमीटरने तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप दहा-वीस दिसलं किंवा दुसरं माप भलतंच कमी आलं, तर अर्थिंग नाही असं समजा आणि नवीन खड्डा घ्या. जमीन खडकाळ असेल तर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. ते काम कुणाचं, हेही ठरवून ठेवा.

व्होल्टेज. शेतीपंप चालू झाले की गावात दिवे मंदावतात आणि पंप बंद झाले की व्होल्टेज उसळतं. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाब तो निभावून नेतो. जास्त दाब निभत नाही. टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर स्टॅबिलायझर लावा, सगळ्यांसाठी एक वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका, बसवा.

बॅकअपचं गणित. कागदावर करून पाहा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची: ९००. इन्व्हर्टरमध्ये काही वाया जातात, हाती उरतात साधारण ७५०. सहा लॅपटॉप प्रत्येकी ४० वॅट, म्हणजे २४०, सर्व्हर आणि राउटरचे १५, एकूण २५५. साधारण तीन तास निघतात. आता लॅपटॉपच्या जागी १०० वॅट खाणारे सहा डेस्कटॉप घाला: ६१५ वॅट, जेमतेम सव्वा तास. लॅपटॉपला स्वतःची बॅटरीही असते, ती वेगळीच. जिथे रोज वीज जाते तिथे डेस्कटॉप स्वीकारू नका, तो कितीही चांगला असो.

सावधान: वळवाच्या पावसात ढग गडगडले की मुख्य खटका बंद करून प्लग उपसून ठेवायचे. खटका बंद केला म्हणून वीज पडल्यावर यंत्र वाचतं असं नाही, प्लग निघालाच पाहिजे. ही सूचना बोर्डाशेजारी ठळक अक्षरांत चिकटवा.

## टप्पा ४: यंत्रं घ्या, पण नाकारायला शिका

दान देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून आपण भंगारही घेतो आणि शाळेच्या माथी मारतो. गरीब वस्तीतल्या मुलांना "काहीतरी मिळालं" हे पुरे, असं मनात कुठेतरी असतं. ते काढून टाका. स्वतःच्या मुलीला अभ्यासाला देणार नाही ते यंत्र त्या शाळेतही जाता कामा नये.

घ्यायचं ते: ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम (दोनच असेल आणि वाढवता येत असेल तर वाढवा), मूळ चार्जर, किमान तासभर चालणारी बॅटरी. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवा. सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप एवढ्या एका बदलाने पुन्हा कामाला लागतो. सगळे एकाच मॉडेलचे मिळाले तर उत्तम, कारण एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला लागतो.

नाकारायचं ते: फुगलेल्या बॅटरीचं काहीही, स्थानिक बाजारात ज्याचा चार्जर मिळत नाही ते, सुरू होतानाच कंपनीचा पासवर्ड मागणारं किंवा कंपनीचं कुलूप असलेलं. शेवटच्या प्रकारात देणाऱ्या कंपनीच्या आयटी विभागाकडून कुलूप काढून घ्या आणि मगच ताबा घ्या. जुना डेटा पुसल्याचंही त्यांच्याकडून लिहून घ्या.

नाकारलेलं यंत्र भंगारवाल्याकडे जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. हे देणाऱ्याला सांगा आणि परत न्यायला लावा.

## टप्पा ५: सगळी तयारी शहरातच

शाळेत जाऊन सॉफ्टवेअर टाकत बसू नका. रेंज नसते, वेळ नसतो आणि मुलं भोवती जमलेली असतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बहुधा बसत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. एक लॅपटॉप पूर्ण तयार करा आणि क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने त्याची प्रत उरलेल्या पाचांवर उतरवा. सहाही अगदी सारखे दिसायला हवेत. एक बिघडला की मूल शेजारच्यावर विनासायास बसतं.

तयार करताना: भाषा मराठी, फॉन्ट युनिकोड, कीबोर्ड इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी). मुलांचं खातं वेगळं आणि प्रशासकाचं वेगळं. अपडेट आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर गुरुजींनी कामापुरता हॉटस्पॉट लावला की त्यांचा दिवसभराचा डेटा त्यातच जातो.

मुलांना रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायला शिकवू नका. पहिली-दुसरीतल्या मुलाला "क" उमटवण्यासाठी आधी इंग्रजी अक्षर आठवायला लावणं हा त्याच्यावर लादलेला दुहेरी भार आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. मुलं दोन-तीन आठवड्यांत रुळतात. कीबोर्डवर देवनागरी स्टिकर लावा.

तपासा: सहाही लॅपटॉप घरी सलग सात दिवस, रोज चार तास चालवा. तापतो, पंखा घरघरतो, अचानक बंद पडतो, असं काही दिसलं तर ते इथेच दिसू दे.

## टप्पा ६: अभ्यासाचा मजकूर

एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा बाजूला ठेवलेला सातवा लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरा. त्यावर कोलिब्री बसवा. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच केलेलं आहे. मजकूर एकदा शहरात उतरवून घ्यायचा, मग शाळेत साध्या राउटरवरून सगळे लॅपटॉप तो वापरतात. शिक्षकाला वर्ग तयार करता येतो, धडे नेमता येतात आणि कोणतं मूल कुठे अडलं ते दिसतं. लहान मुलांना पासवर्डशिवाय नावावर टिचकी मारून आत जाऊ देण्याची सोय आहे, ती चालू करा.

सोबत किविक्सवर (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्याचं मोफत सॉफ्टवेअर) मराठी विकिपीडिया ठेवा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ म्हणून घ्या. विज्ञानासाठी फेट या संकेतस्थळावरची मराठीत आलेली सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, वाचनासाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मुक्त परवान्याच्या मराठी गोष्टी. दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावरचा मजकूर त्याच्या ॲपमध्येच उतरवून ठेवता येतो, म्हणून तो शिक्षकाच्या फोनवर राहू द्या.

दोन चुका वारंवार होतात.

पहिली म्हणजे हजारो व्हिडिओ भरणं. मुलं मग गाण्यांचे व्हिडिओ शोधत बसतात आणि शिक्षकाला हवा तो सापडत नाही. टप्पा १ मध्ये लिहिलेल्या तीन अडचणी काढा आणि प्रत्येकीसाठी आठ-दहा धडे निवडा. पहिल्या सत्राला एवढं पुरतं.

दुसरी म्हणजे "मराठीत नाही, पण हिंदीतलं समजेल". गोष्ट समजेल, गणित अडेल. आपल्या पुस्तकातला अपूर्णांक तिथे भिन्न होतो, लसावि आणि मसावि यांची नावंच बदलतात. मूल संकल्पना समजून घेण्याऐवजी शब्दाशी झगडत राहतं. मराठीत नसेल तर शिक्षकांनी फोनवर चार मिनिटांचा धडा स्वतः रेकॉर्ड करावा. बाईंचा ओळखीचा आवाज असतो आणि उदाहरणं गावची असतात. कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या घरातल्या एखाद्या आईकडून पुस्तकातल्या पन्नास शब्दांचे अर्थ तिच्या भाषेत रेकॉर्ड करून घ्या. पहिलीच्या मुलांना याचा जितका उपयोग होतो, तितका विकतच्या कोणत्याही सीडीचा झालेला मी पाहिलेला नाही.

सावधान, रास्पबेरी पायबद्दल: त्याच्या ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नाही म्हटल्यावर वीज जाऊन आली की तारीख चुकते आणि मुलांच्या प्रगतीच्या नोंदी उलट-सुलट होतात. छोटं घड्याळाचं मॉड्यूल मिळतं, ते लावा. शिवाय वीज अचानक गेली की मेमरी कार्डवरचा मजकूर बिघडतो. सर्व्हर नेहमी बॅकअपवर असू दे आणि कार्डाची दुसरी तयार प्रत पाकिटात घालून कपाटात ठेवा.

तपासा: घरातलं इंटरनेट पूर्ण बंद करून सहाही लॅपटॉपवर प्रत्येक धडा उघडून पाहा. एकेक, सगळे.

## टप्पा ७: खोलीत मांडणी

टेबलं भिंतीला लावा आणि लॅपटॉपचे पडदे खोलीच्या आतल्या बाजूला असू द्या, म्हणजे मधोमध उभं राहिलं की शिक्षकाला सहाही पडदे दिसतात. खुर्चीत बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. वायर भिंतीवर पट्टीत, जमिनीवर एकही नाही. फळ्यापासून लांब, कारण खडूची धूळ पंख्यात जाते. प्रत्येक यंत्राला जोड-पिन लावून दोन हेडफोन. सर्व्हर उघडण्याचा पत्ता मोठ्या अक्षरांत भिंतीवर.

## टप्पा ८: वेळापत्रक

सगळं बसवून झालं की उद्घाटन होतं, नारळ फुटतो आणि पुढच्या सोमवारी "कुणी, कधी बसायचं" हेच ठरलेलं नसतं.

गुजरातमध्ये ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांवर अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी केलेला अभ्यास इथे कामी येतो. चांगल्या चाललेल्या तासाच्या जागी संगणक आणला तिथे मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला तिथे, विशेषतः कच्च्या मुलांना, फायदा झाला. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असं गणित दिलं तेव्हा गुण स्पष्ट वाढले. म्हणून गुरुजींचा गणिताचा तास काढून तिथे संगणक ठेवू नका. शाळा भरण्याआधीचा अर्धा तास, सुटल्यानंतरचा एक तास आणि एक शिक्षक दुसऱ्या वर्गाला शिकवत असतानाचा मोकळा वेळ वापरा. जोडवर्गाच्या शाळेत असा वेळ रोज असतो.

सहा यंत्रं, बारा मुलं, अर्ध्या तासाची एक पाळी. चाळीस मुलांच्या चार पाळ्या होतात, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यात तीन-चार वेळा बसता येईल असा तक्ता करा आणि दारावर लावा. कच्च्या मुलांची पाळी आधी. हुशार मुलांना "बक्षीस" म्हणून संगणक देण्याची पद्धत मला मान्य नाही. ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच त्यात मागे राहतो.

जोडीत माउस कुणाच्या हातात, यावर लक्ष ठेवा. मुलगा-मुलगी जोडीत तो बहुतेक वेळा मुलाच्याच हातात राहतो. दर दहा मिनिटांनी घंटा, घंटेला जागा बदलायची. पहिला महिना मुलींच्या जोड्या वेगळ्या ठेवल्या तरी चालेल.

पहिले चार आठवडे. पहिल्या आठवड्यात सुरू-बंद, माउस, चित्र काढणं. दुसऱ्यात स्वतःचं नाव टाइप करणं. तिसऱ्यात पहिला धडा, सगळ्यांना तोच. चौथ्यापासून ज्याची त्याची गती. शिक्षकांचं प्रशिक्षण एका दिवसात उरकू नका. दोन-दोन तासांच्या चार भेटी ठेवा आणि प्रत्येक भेटीत त्या आठवड्यात खरोखर घ्यायचाच धडा घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीच्या सुमारास जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची नावं कोलिब्रीतून काढू नका. परतल्यावर ती जिथे थांबली होती तिथूनच सुरू करतील, आणि त्या दोन महिन्यांत त्यांच्या पाळ्या दुप्पट करा. वर्गाने मागे टाकलेल्या मुलाला हा संगणकाचा कोपरा खरा आधार देऊ शकतो.

## टप्पा ९: मोजमाप

यंत्र खोलीत येण्याआधी प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी घ्या. असर या शालेय सर्वेक्षणाच्या पद्धतीने अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यांपैकी मूल कुठवर वाचतं आणि वजाबाकी-भागाकार येतो का, एवढंच. एका मुलाला पाच मिनिटं. बारा आठवड्यांनी तीच चाचणी, शक्यतो दुसऱ्या माणसाने. मूल शब्दावरून उताऱ्यावर आलं का, हा प्रश्न. किती तास संगणक चालला हा आकडा अहवालात छान दिसतो, पण त्याने काही कळत नाही.

देणगीदारांना फोटो हवे असतात. मुलांचे चेहरे आणि नावं समाजमाध्यमांवर टाकायची नाहीत. पालकांच्या लेखी संमतीशिवाय तर मुळीच नाही. हातांचा, पडद्याचा, खोलीचा फोटो पाठवा.

## टप्पा १०: पावसाळा, सुट्टी, बदली

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर यंत्रं कपाटात कोंडली की ओलीनेच मरतात. पावसाळ्यात ती रोज वापरा. वापर नसेल तेव्हा आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. उंदरांसाठी वायरची भोकं सिमेंटने बुजवा. बंद बॅगेत ठेवण्याआधी लॅपटॉप गार होऊ द्या.

मे महिन्याच्या सुट्टीआधी लॅपटॉप निम्मे चार्ज करून ठेवायचे, पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर पाहायचं आणि किल्ली समितीच्या सदस्याकडे द्यायची. जूनमध्ये मुलं येण्याच्या दोन दिवस आधी सात जणांच्या तुकडीने सगळं एकदा सुरू करून पाहायचं.

बदलीचा आदेश आला की त्याच आठवड्यात हस्तांतर घ्या: पासवर्डची वही, कार्डाची दुसरी प्रत, वायरमनचा आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर, वेळापत्रक, चाचणीच्या नोंदी. नवे शिक्षक रुजू झाल्यावर पहिल्या शनिवारी ती चार मुलं त्यांना यंत्र सुरू करून दाखवतील. मोठ्यांनी तेव्हा बाजूला उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही.